बेअर्डने टीव्ही दाखवला, मग बीबीसीने त्याचीच सिस्टिम का बंद केली?

रेडिओवेडा: शाळेत पाठ केलेलं, टीव्हीचा शोध जॉन लोगी बेअर्डने लावला. पण परवा वाचलं की बीबीसीने नोव्हेंबर १९३६ ला लंडनमध्ये रेग्युलर टीव्ही सुरू केला आणि फेब्रुवारीत बेअर्डची सिस्टिम बंद करून मार्कोनी-ईएमआय या दुसऱ्या कंपनीची ठेवली. हे काय राजकारण होतं का? कोणाला माहीत असेल तर डिटेलमध्ये सांगा ना.

तारयंत्र: राजकारण कसलं, चित्रच कमी पडलं. बेअर्डचं मूळ मशीन मेकॅनिकल, म्हणजे भोकं पाडलेली चकती गरगर फिरते आणि एकेक भोक चित्राची एकेक रेघ वाचतं. ३० रेघांत चेहरा कसाबसा ओळखू येतो, बास. १९३६ पर्यंत त्याच्या कंपनीने ते २४० रेघांवर नेलं खरं, पण बीबीसीच्या अलेक्झांड्रा पॅलेसच्या स्टुडिओत त्यासाठी काय दिव्य करायला लागायचं बघा, आधी फिल्मवर शूट करायचं, मग ती फिल्म कॅमेऱ्याखालच्या टाक्यांतून सायनाइडवाल्या केमिकलमध्ये धुवून निघणार आणि ओली असतानाच स्कॅन होणार, तेही मिनिटभराच्या आत! त्यामुळे लाइव्ह म्हणायचं पण चित्र उशिराच, आणि कॅमेरा टाक्यांना जखडलेला, जागचा हलत नाही. दुसऱ्या स्टुडिओत ईएमआयचा एमिट्रॉन कॅमेरा, पूर्ण इलेक्ट्रॉनिक, ४०५ रेघा, केबल ओढून बाहेर आवारातही नेता यायचा. दोन्ही सिस्टिम आलटून पालटून चालवल्या, फरक कोणालाही दिसत होता.

सोहोकर: सगळं बरोबर, पण म्हणून बेअर्डला मोडीत काढू नका, मला त्याचा फार आदर आहे. ऑक्टोबर १९२५ ला लंडनच्या सोहोतल्या माळ्यावरच्या खोलीत त्याला आधी एका बाहुल्याचं डोकं पडद्यावर स्पष्ट दिसलं, मग पळत खाली जाऊन ऑफिसबॉयला वर आणून बसवलं, आणि जानेवारी १९२६ ला शास्त्रज्ञांना बोलावून दाखवलं. १९२८ ला तर रंगीत चित्रसुद्धा दाखवलंय त्याने. आणि नशीब बघा, ही टक्कर ऐन रंगात असताना ३० नोव्हेंबर १९३६ ला लंडनमधली क्रिस्टल पॅलेस ही इमारत जळाली, त्याच्या कंपनीच्या लॅब तिथेच होत्या.

तारयंत्र: आदर आहेच हो. फक्त मुलांना एकच नाव पाठ करायला लावतात ते पटत नाही. चकतीचं पेटंट निपकोचं, १८८४ चं, जर्मनीत. कुठलीही चकती न फिरवता पूर्ण इलेक्ट्रॉनिक चित्र फार्न्सवर्थने सॅन फ्रान्सिस्कोत १९२७ ला पाठवलं, आणि ईएमआयची टीम आयझॅक शोनबर्गची. यातल्या एकाचंही नाव आमच्या पुस्तकात नव्हतं.

रेडिओवेडा: भारी माहिती, धन्यवाद दोघांना. पण मग ज्यांनी घरी सेट घेतले होते ते लोक काय करायचे, दोन सिस्टिम म्हणजे दोन टीव्ही?

तारयंत्र: नाही नाही, तेव्हाच्या सेटला स्विच असायचा, आज २४० की ४०५ ते बघून फिरवायचा. बेअर्डची सिस्टिम गेली तसं स्विचचं कामच संपलं. ४०५ मात्र ब्रिटनमध्ये थेट १९८५ पर्यंत चालू होतं.