पट 9 : वाडीची शाळा ठेवायची की समूहशाळेत न्यायची?

ओढ्याकाठची : आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेचा पट, म्हणजे नाव घातलेली मुलं, यंदा 9. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, आणि समूहशाळेची, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एकच मोठी शाळा करायची, कुजबुज पुन्हा कानावर येतेय. 2023 साली वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करायचा विषय निघाला, तेव्हा पानशेत आणि तोरणमाळच्या समूहशाळांचे दाखले दिले होते. दाखले ठीक आहेत हो, पण आमचा साकव जुलैत पाण्याखाली असतो. आई लावणीला गेलेली, पहिलीतलं पोर बसपर्यंत नेणार कोण? शिक्षण हक्काचा कायदा पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत मागतो, ते उगाच नाही. शाळा लांब गेली की आधी मुलींचं दप्तर खुंटीला लागतं.

व्हॅनवाला बाप : ताई, नऊ पोरं म्हणजे खो-खोचा एकच संघ. समोर पळायला कोण? माझी मुलगी दुसरीत एकटी होती. पहिला नंबरही तिचा, शेवटचाही तिचाच. घातली तालुक्याला इंग्रजी माध्यमात. पैसे जातात, पण भांडायला मैत्रीण तर आहे.

ओढ्याकाठची : तुमची गेली म्हणूनच दहाचे नऊ झाले! आणि आता मराठी जोडाक्षरं वाचते का ती?

व्हॅनवाला बाप : अडखळते. खोटं कशाला बोलू?

निवृत्त गुरुजी : पटावरून काय भांडताय? कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. माझ्या शेवटच्या शाळेत जोडीदाराची बदली झाली आणि जागा दोन वर्षं रिकामी. चौथीला भागाकार घालून दिला, की लगेच खिचडीच्या तांदळाची नोंद, यू-डायसची (सरकारला द्यायची शाळेची आकडेवारी) माहिती, मतदारयादी. तोवर पहिलीचं पोर खिडकीतून म्हैस बघत बसायचं. अशा शाळेतून पालक पोर काढतो, त्याला मी दोष देत नाही. पण समूहशाळेत तरी जागा भरतील, हे कोण लिहून देतंय?

(पट फुगवण्यात आमचेही काही लोक पटाईत होते. 2011च्या पटपडताळणीत एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावायची वेळ आली.)

व्हॅनवाला बाप : जूनमध्ये दुसरे गुरुजी आले तर धाकट्याला वाडीतच घालतो.

ओढ्याकाठची : जन्मदाखला आणून द्या, आजच दहा करते.

निवृत्त गुरुजी : बाई, पोर वर्गात बसल्याशिवाय नाव चढवू नका. शाई आठवते ना?