पुस्तकं आणि अ‍ॅक्सेल

पुस्तकं लेखकवार लावावीत की विषयवार, असं विचारलंय, तर माझं मत विषयवार. कवितेशेजारी कविता असली की एक काढताना दुसरी हाती लागते, आणि वाचलीही जाते. शब्दकोश मात्र टेबलाजवळच हवेत.

सध्या आवराआवर अर्धवट आहे, कारण रात्री फिगर स्केटिंग, म्हणजे बर्फावरचं कलात्मक स्केटिंग, बघणं चालू असतं. नव्याने बघणाऱ्यांनी आधी त्यातली अ‍ॅक्सेल ही उडी ओळखायला शिकावं. बाकीच्या उड्या मागे सरकताना घेतात, ही एकटी समोर तोंड करून. म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त. २०२२ मध्ये अमेरिकन स्केटर इलिया मॅलिनिनने स्पर्धेत पहिल्यांदा चौपट अ‍ॅक्सेल साधली, म्हणजे हवेत साडेचार गिरक्या! तरी मला उडीपेक्षा उतरणं जास्त आवडतं: एका पायावर, मागे सरकत, वेग न मोडता. तुम्ही आईस डान्स, म्हणजे जोडीने केलेलं बर्फावरचं नृत्य, तेही बघता का?