मदत हवी आहे: ब्लेंडरमध्ये पारंब्यांचा वड कसा करायचा?

नमस्कार मंडळी. गावाच्या वेशीचं एक दृश्य ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतेय, त्यात मधोमध जुना वड हवाय. सध्या सॅपलिंग ट्री जेन हे झाडं तयार करणारं अॅड-ऑन वापरतेय. ते वेबर आणि पेन यांच्या १९९५ च्या पद्धतीवर चालतं: खोडातून फांद्या, फांद्यांतून डहाळ्या. आंबा, कडुनिंब छान होतात. वडाचं गणित मात्र वेगळं आहे. पारंब्या आडव्या फांद्यांतून खाली उतरतात, जमिनीत रुजतात आणि पुढे जाड होऊन खोडासारखा आधार देतात. या अॅड-ऑनमध्ये त्याची सोय मला सापडली नाही.

२००७ च्या स्पेस कॉलनायझेशन पद्धतीत फांद्या मोकळ्या जागेतल्या बिंदूंच्या दिशेने वाढतात. तेच बिंदू जमिनीलगत पसरून पारंब्या खाली वाढवता येतील का? जिऑमेट्री नोड्समध्ये (नोड्स जोडून आकार घडवायची ब्लेंडरमधली सोय) कुणी केलंय?

मुख्य अडचण सांध्याची. पारंबी फांदीला चिकटवल्यासारखी दिसते. रीमेशने (पृष्ठभागाची जाळी नव्याने बांधून) सांधा एकजीव होतो, पण यूव्ही (टेक्स्चर कुठे बसेल ते ठरवणारे निर्देशांक) जातात आणि सालीचं टेक्स्चर पुन्हा बसवावं लागतं. यावर काही उपाय?

आणि वडाचं पान जाड, चिवट असतं. सायकल्स या रेंडररमध्ये ट्रान्सल्युसंट शेडरचं (पानातून आरपार येणारा उजेड दाखवणाऱ्या) प्रमाण पिंपळाच्या पानापेक्षा किती कमी ठेवता? तुमच्या नोड्सचे स्क्रीनशॉट मिळाले तर फार मदत होईल.