जुन्या क्रिकेट कार्डांच्या लिलावात कोणीतरी मुद्दाम बोली चढवतंय असं वाटतं, रविवारच्या आत सल्ला हवा

महालकर_नातू
नमस्कार मंडळी. १९४७ साली कामठी छावणीतल्या एका इंग्रज साहेबाचं सामान विकायला निघालं, तेव्हा आजोबांनी बोली लावून एक पत्र्याचा डबा घेतला होता. आत जॉन प्लेयर कंपनीची, सिगारेटच्या पाकिटातून यायची ती 'क्रिकेटर्स, १९३८' मालिकेतली ४४ कार्डं. पूर्ण संच ५० चा. गेल्या दोन वर्षांत मी चार मिळवली. राहिले ब्रॅडमन आणि हॅमंड.

ब्रॅडमनसाठी मागच्या महिन्यात एका लिलावाच्या साइटवर ४,२०० रुपयांची कमाल बोली टाकून ठेवली. तीन दिवस भाव १,४०० वर होता. चौथ्या रात्री एकच जण, फीडबॅक (आधीच्या व्यवहारांनंतर मिळालेले शेरे) फक्त ३, दहा मिनिटांत अकरा वेळा चढला. ४,१०० ला थांबला आणि परत फिरकलाच नाही. कार्ड मला ४,१५० ला पडलं. म्हटलं, असेल कोणी हौशी.

हॅमंडलाही तोच. नाव लपवलेलं असतं, पण पहिलं अक्षर क, शेवटचं र, फीडबॅक तेच ३. माझी कमाल बोली २,६०० होती, त्याने २,६५० ला कार्ड नेलं. मी सोडून दिलं. परवा विक्रेत्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: 'जिंकणाऱ्याने माघार घेतली, तुम्ही तुमच्या २,६०० ला घ्या, यूपीआयने थेट पाठवा म्हणजे साइटचं कमिशन वाचेल, रविवारपर्यंत राखून ठेवतो.'

पैसे पाठवू का? माझा संशय रास्त आहे की मी उगाच कुणावर शंका घेतोय? आजोबा सांगायचे, बोली लावणारा समोर उभा असायचा, त्याच्या तोंडाकडे पाहून कळायचं कुठे थांबायचं ते. इथे तोंडच दिसत नाही.

बर्डी_रविवार
भाऊ, पैसे पाठवू नको. बाकीचं नंतर. साइटबाहेर पैसे गेले अन् कार्ड आलंच नाही तर साइट हात वर करते. तुझा नंबर त्याच्याजवळ ब्रॅडमनच्या पार्सलवरून आला असणार. दुसऱ्या बोलीदाराला विचारायची सोय खरी असते, ईबे या लिलावाच्या साइटवरही आहे, पण ती साइटच्या आतूनच येते. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही येत.

आता हिशोब पाहा. कमाल बोली टाकली की साइट तुझ्या वतीने समोरच्यापेक्षा एकच पायरी वर चढते. तीन दिवस १,४०० वर होतं म्हणजे तुझ्याशी भिडणारा गिऱ्हाईक १,३५० लाच थांबला होता. त्या अकरा बोल्यांनी तुझ्या खिशातून २,७५० जास्तीचे काढले. तो विक्रेत्याचाच माणूस असेल तर तुझी मर्यादा चाचपून राहिला होता. ब्रॅडमनच्या वेळी एक पायरी आधी थांबला. हॅमंडच्या वेळी अंदाज चुकला, कार्ड त्याच्याच गळ्यात पडलं, म्हणून आता तुझी आठवण आली.

धंतोलीची_ताई
पैसे पाठवू नका, हे मलाही पटतं. पण 'चोर' म्हणण्याआधी थोडं थांबा. पाच वर्षांपूर्वी मी जुनी चित्रांची पोस्टकार्डं घ्यायला लागले तेव्हा मीही अशीच चढायचे. कमाल बोली काय असते ते माहीत नव्हतं. साइट 'तुमच्यावर कोणीतरी बोली लावली' असा निरोप पाठवायची आणि मी पन्नास रुपये वाढवायचे, पुन्हा निरोप, पुन्हा पन्नास. बहुतेक सगळ्या बोल्या एकाच विक्रेत्याकडे, कारण मला हवी तशी पोस्टकार्डं त्याच्याकडेच होती. एका गृहस्थांनी मला सगळ्यांसमोर विक्रेत्याची हस्तक ठरवलं. मी त्या रात्री रडले होते.

म्हणून सांगते, एका लिलावावरून काही ठरवू नका. कमी फीडबॅक म्हणजे नवखेपणाही असतो. त्या विक्रेत्याचे आधीचे आठ-दहा लिलाव उघडा. हा 'क…र' कितींमध्ये आहे, त्यातले किती जिंकला? खऱ्या गिऱ्हाइकाला वस्तू हवी असते, तो कधीतरी जिंकतोच. प्रत्येक वेळी चढतो, हरतो, आणि शेवटच्या घटकेला कधीच येत नाही, असा दिसला तर मात्र संशयाला आधार आहे. भाव चढवायला बसवलेल्या माणसाला जिंकायची भीती असते, म्हणून तो आधीच चढून बाजूला होतो.

मागे घेतलेल्या बोल्याही पाहा. काही जण भलतीच मोठी बोली टाकतात, तुमची मर्यादा कळली की मागे घेतात आणि तिच्या जरा खाली पुन्हा बोली लावतात. ईबेवर बोलीदाराच्या गेल्या तीस दिवसांचा गोषवारा दिसतो, त्यात या विक्रेत्याकडे किती टक्के बोल्या आणि किती मागे घेतल्या हे असतं. तुमच्या साइटवर तशी सोय आहे का?

सिव्हिल_लाइन्स_कोट
मी वकिली करतो, थोडक्यात कायद्याचं. सेल ऑफ गुड्स ॲक्ट, १९३० चं कलम ६४ लिलावाबद्दलच आहे. 'मी स्वतः बोली लावेन' असं विक्रेत्याने आधी जाहीर केलं नसेल तर त्याला स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावता येत नाही, आणि लावली तर खरेदीदार ती विक्री फसवणूक मानू शकतो. खोट्या बोलीने भाव चढवला असेल तर विक्री रद्द करायची की नाही हे खरेदीदाराच्या हातात आहे. म्हणजे ब्रॅडमनचा विषयही अजून संपलेला नाही.

विक्रेता इथलाच दिसतो, त्यामुळे सोपं आहे. आधी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. दोन्ही लिलावांच्या बोलीच्या इतिहासाचे आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या निरोपाचे स्क्रीनशॉट आजच घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. लिलावाची पानं काही दिवसांनी निघून जातात. दाद मिळाली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. यूपीआयने पैसे गेलेच असते तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा लागला असता.

कार्ड_आणि_भिंग
बोलीबद्दल सगळे बोलले, कार्डाकडेही पाहा. जो भाव फुगवतो तो मालातही हात मारतो. अमेरिकेतल्या होनस वॅग्नर या बेसबॉलपटूच्या कार्डाची गोष्ट वाचली असेल. १९०९ ते १९११ मध्ये निघालेल्या सिगारेट कार्डांपैकी ते, जगातल्या महागड्या कार्डांपैकी एक. त्याच्या सगळ्यात प्रसिद्ध प्रतीच्या कडा कापून ती नवी करकरीत दाखवली होती, हे बिल मास्ट्रो या नावाजलेल्या लिलाववाल्याने २०१३ साली कोर्टात कबूल केलं. खोट्या बोल्यांची कबुलीही त्याच खटल्यात. २०१५ मध्ये वीस महिन्यांची शिक्षा झाली. तिथे लाखो डॉलर होते, इथे चार हजार आहेत, पण रीत तीच.

तुमचा ब्रॅडमन आजोबांच्या कार्डांवर ठेवून पाहा. या आकाराचं कार्ड साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटर असतं. एका बाजूने अर्धा मिलिमीटर कमी भरलं आणि ती कडा बाकीच्यांपेक्षा ताजी, पांढरी दिसली तर कापलेलं आहे. मग भिंगाखाली छपाई पाहा. नक्कल असेल तर छपाईच्या ठिपक्यांची ठेवण आजोबांच्या कार्डांपेक्षा वेगळी दिसते. तुमच्याकडे ४४ खात्रीची कार्डं आहेत, त्यामुळे ताडून पाहायला कुठे जायची गरज नाही.

आणि खरं सांगू का, १९३८ चा हा संच दुर्मीळ नाही. भरपूर छापला गेला. इंग्लंडातले जुने कार्डविक्रेते सुटी कार्डं कॅटलॉगच्या ठरलेल्या भावाने देतात, बोली नाहीच. टपालखर्च आणि कस्टम धरून बघा. कधी कधी अख्खा संच दोन सुट्या कार्डांच्या भावात पडतो.

बर्डी_रविवार
पुढच्या वेळसाठी एक. कमाल बोली चार दिवस आधी टाकून बसू नको. विकली गेलेली पाच-सहा कार्डं पाहा, सगळ्यात वरचा भाव सोडून दे, आपला आकडा कागदावर लिहून ठेव अन् शेवटच्या दहा सेकंदांत एकदाच टाक. चाचपायला वेळच मिळत नाही कोणाले. पण आधी नियम वाच. काही साइटवर शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढते, तिथे हे चालत नाही. तिथे कागदावरचा आकडाच कामी येतो.

महालकर_नातू
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोनपर्यंत बसलो.

ताई, तुमचं ऐकून त्या विक्रेत्याचे मागचे नऊ लिलाव उघडले. सातांमध्ये 'क…र' आहे. हॅमंड सोडून एकही जिंकलेला नाही, आणि कुठेच शेवटच्या तासात बोली नाही. तरीही मनात होतं, असेल बिचारा नवखा. मग जुन्या लिलावांची चित्रं मोठी करून पाहिली. तीन महिन्यांपूर्वी याच विक्रेत्याने एक हॅमंड 'विकला' आहे. डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी डाग, आणि त्याखाली कडेला बारीकशी चीर. मला देऊ केलेल्या कार्डावर तोच डाग आणि तीच चीर. म्हणजे ते कार्ड त्याच्याकडून गेलंच नव्हतं.

त्याला 'नको' एवढंच कळवलं. तक्रार केली, पोच आली आहे. ब्रॅडमन कापलेला नाही, आजोबांच्या कार्डांशी चारही बाजूंनी बरोबर बसला. त्यामुळे तो परत करायचा नाही, फक्त चढवलेले पैसे मागितले आहेत. वकीलसाहेब, असं मागता येतं का?

सिव्हिल_लाइन्स_कोट
मागायला हरकत नाही. कार्ड ठेवून फरक मागणं म्हणजे तडजोड, साइट मध्यस्थी करू शकते. पण त्यांनी 'कार्ड परत, पूर्ण पैसे परत' म्हटलं तर काय करणार, ते आधी ठरवून ठेवा.

कार्ड_आणि_भिंग
माझ्याकडे हॅमंड दोन आहेत. एकाच्या मागे अल्बमचा डिंक लागलेला आहे, पुढून स्वच्छ आहे. ४०० रुपये द्या. आधी हातात घेऊन, मोजून पाहा. शनिवारी संध्याकाळी मी बर्डीवर असतो, भिंग आणतो.

महालकर_नातू
काका, शनिवारी पाचला येतो. आजोबांचा डबा घेऊन येतो, तुम्हालाही पाहायला आवडेल.