उजेड कमी झालेल्या दिवाणखान्यात मोठा आरसा कोणत्या भिंतीवर लावावा?

नौपाड्याची सून

आमचे घर ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. दिवाणखाना दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब असून उत्तरेच्या अरुंद भिंतीत एकच खिडकी आहे. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास होऊन तिच्या जागी मोठा टॉवर उभा राहिल्यापासून खिडकीतून त्याच्या पार्किंगच्या मजल्यांची करडी भिंत तेवढी दिसते. आकाश पाहायचे तर गजांपाशी जाऊन मान वर करावी लागते. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. ज्या खुर्चीत बसून ते वर्षानुवर्षे वर्तमानपत्र वाचत आले, तेथे आता सकाळी अकरालाही ट्यूबलाइट लावावी लागते, आणि त्याचे त्यांना फार वाईट वाटते.

खिडकीच्या बरोबर समोर, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर, सात फूट बाय चार फुटांचा आरसा लावावा, असे ओळखीच्या अनेकांनी सुचवले आहे. वास्तुशास्त्रानुसार आरसा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर असावा, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

वाशीची वास्तुरचनाकार

ताई, आरसा उजेड निर्माण करत नाही. जो उजेड त्याच्यावर पडतो, तोच तो परत देतो. पांढरी भिंतही बराच उजेड परत देते, परंतु ती तो चहूकडे विखुरते, तर आरसा तो ज्या कोनात आला त्याच कोनात दुसऱ्या बाजूला पाठवतो. त्यामुळे आरशाला त्याच्या जागेवरून काय दिसते, हाच खरा प्रश्न आहे. व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहालात १७ खिडक्यांसमोर आरशांच्या १७ कमानी आहेत आणि तेथे ती रचना खुलते, कारण त्या खिडक्यांबाहेर मोठी बाग आणि मोकळे आकाश आहे. तुमच्या दक्षिणेच्या भिंतीवरचा आरसा मात्र ती करडी भिंतच घरात दुसऱ्यांदा आणून ठेवील. खोली लांब भासेल, उजळ होणार नाही.

दोन इमारतींमधल्या अरुंद पट्टीतून येणारा आकाशाचा उजेड तिरपा उतरतो आणि खिडकीपासून तीन-चार फुटांतच जमिनीवर आणि बाजूच्या भिंतींवर पडून संपतो. म्हणून आरसा खिडकीला लागून असलेल्या बाजूच्या भिंतीवर, जितका खिडकीजवळ नेता येईल तितका न्यावा. तुमच्या घरात ती पूर्वेची भिंत ठरते, म्हणजे सासूबाईंचेही मन राखले जाईल. विकत घेण्यापूर्वी एक करावे: आरसा जेथे लावायचा तेथे भिंतीला डोके टेकवून खिडकीकडे पाहावे. तुम्हाला आकाशाची पट्टी दिसली, तर आरशालाही दिसेल.

आणि एक मनापासून सांगते. त्या टॉवरच्या सोसायटीला तुमच्या बाजूची भिंत पांढरी रंगवण्याची लेखी विनंती करावी. ते झाले, तर कोणत्याही आरशापेक्षा अधिक उजेड मिळेल.

कोपरखैरणेकर

आमचे घर बैठे असून दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत, त्यामुळे उजेड फक्त पुढून आणि मागून येतो. आम्ही पहिला आरसा घाईने लावला, तेव्हा त्यात स्वयंपाकघरातील भांड्यांचे रॅक आणि दोरीवरचे कपडे दिसू लागले, आणि खोली मोठी वाटण्याऐवजी पसारा दुप्पट झाला. तो आरसा थेट ओलसर भिंतीला चिकटवला होता. दुसऱ्या पावसाळ्यातच त्याच्या खालच्या कडेने पारा उडू लागला आणि काळे डाग वर चढत गेले. आपल्याकडच्या हवेत भिंतीची ओल आधी बंद करणे अत्यंत आवश्यक आहे.

काचकाम करणारा, कोपरी

वहिनी, आपण अजूनही पारा म्हणतो, पण आजच्या आरशामागे चांदीचा पातळ थर आणि त्यावर रंगाचे संरक्षण असते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तो थर खाते, म्हणून दुकानात न्यूट्रल सिलिकॉनच मागावे. सात बाय चारचा आरसा पाच मिलिमीटर जाडीत सुमारे ३२ किलोंचा आणि सहा मिलिमीटर जाडीत सुमारे ३९ किलोंचा होतो. एवढे वजन केवळ चिकटवून ठेवू नये. खाली धातूची पट्टी द्यावी आणि मागे सुरक्षा फिल्म लावून घ्यावी, म्हणजे काच फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. जुन्या इमारतींच्या जिन्याच्या वळणावर सात फुटांची काच अडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तेव्हा आधी वळण मोजावे किंवा साडेतीन फुटांचे दोन तुकडे घ्यावेत. घरात वयस्कर माणूस असताना आरसा जमिनीपासून दोन फूट वर ठेवावा. जमिनीला टेकलेला आरसा रात्री दारासारखा भासतो, आणि एका घरी आजोबा त्यावर आदळलेले मला ठाऊक आहेत.

नौपाड्याची सून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी दक्षिणेच्या भिंतीला डोके टेकवून पाहिले, तर खरोखरच करड्या भिंतीखेरीज काही दिसले नाही. पूर्वेच्या भिंतीवर खिडकीपासून फूटभर अंतरावरून मात्र आकाशाची हातभर पट्टी दिसली. कपाटाच्या दाराचा आरसा काढून यजमानांनी तेथे धरला आणि सासऱ्यांची खुर्ची समोरच्या भिंतीशी, खिडकीजवळ आणली. ट्यूबलाइट बंद होती. त्यांनी बातम्यांचे मथळे वाचले, मग खालचा बारीक मजकूर वाचला, आणि यजमानांचे हात भरून आले तरी ते वाचतच राहिले. साडेतीन बाय चारचे दोन तुकडे सांगितले आहेत, आणि सोसायटीला द्यायचे पत्र आज लिहायला घेतले आहे.