पॅसिव्ह बाससाठी डीआय बॉक्स: अॅक्टिव्ह घेऊ की पॅसिव्ह?

चारतारी_ठाणे

नमस्कार मंडळी. ठाण्यात हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. बास प्रिसिजन धाटणीचा, पूर्ण पॅसिव्ह, आत बॅटरी नाही. कधी गडकरी, कधी घाणेकर नाट्यगृह, आणि गणपती-नवरात्रात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून घणसोलीपर्यंत मंडप.

घरी छोट्या अॅम्पवर आवाज अगदी हवा तसा येतो. बोट तारेवरून सुटतं तेव्हाची कड स्वच्छ ऐकू येते. कार्यक्रमात साउंडवाल्याच्या डीआयमधून (बासचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवून देणारा डबा) गेला की ती कड जाते आणि नुसता खर्ज उरतो. ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की बास कुठे संपतो आणि किक कुठे सुरू होतो ते कळत नाही. मिक्सरवर ट्रेबल चढवून घेतला तर सूं सूं वाढते, कड काही परत येत नाही.

आता स्वतःचा डीआय घ्यायचा आहे, बजेट सहा हजारांपर्यंत. दुकानदार म्हणतो पॅसिव्ह घ्या, बॅटरीची कटकट नाही. आमचा गिटारवाला म्हणतो अॅक्टिव्हच घे. मंडपांत कधीकधी हमही (सततची घुंई) येतो, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

मॉनिटरच्या_मागे

कोपरखैरणेहून लिहितोय, काम लाइव्ह साउंडचं. बासमध्ये बॅटरी नाही म्हणालास, तिथेच अर्धं उत्तर आहे. पॅसिव्ह बासला अॅक्टिव्ह, म्हणजे वीज लागणारा, डीआय घे.

कारण नीट समजून घे, म्हणजे उद्या कुठल्याही दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी तुझं तुला ठरवता येईल. पिकअप म्हणजे चुंबकावर बारीक तारेचे हजारो वेढे. मल्टिमीटरने मोजलंस तर दहाएक किलोओहम दाखवेल, पण तो आकडा डीसीचा. सूर जसा वर जातो तसा त्या गुंडाळीचा अडथळा वाढत जातो. हा वाढता अडथळा ज्यामुळे येतो तो गुंडाळीचा इंडक्टन्स ५ हेन्री धरला, तर ५ किलोहर्ट्झला तो दीडशे किलोओहमच्या वर जातो. तुझी कड राहते ती याच भागात. समोरचं इनपुट १ मेगाओहमचं, म्हणजे गुंडाळीच्या अडथळ्यापेक्षा बरंच मोठं, असेल तर ती पोचते, म्हणून घरच्या अॅम्पवर आवाज खुलतो.

पॅसिव्ह डीआयमध्ये नुसता ट्रान्सफॉर्मर असतो. वेढ्यांचं प्रमाण साधारण १२ ला १. इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा हा अडथळा, त्याच्या वर्गाने बदलतो, म्हणजे १४४ पट. मिक्सरचं माइक इनपुट दीड-दोन किलोओहमचं धरलं, तर तुझ्या बासला समोर दिसतात दोन-तीनशे किलोओहम, कधी त्याहूनही कमी. रॅडियलचा जेडीआय हा नावाजलेला पॅसिव्ह, आत जेन्सनचा ट्रान्सफॉर्मर, त्याचंही इनपुट १४० किलोओहमचंच आहे. तो डबा वाईट मुळीच नाही, कीबोर्डला मी आनंदाने लावतो. पॅसिव्ह पिकअपला मात्र तो भार होतो आणि वरचा भाग खाली बसतो. शिवाय १२ ला १ म्हणजे सिग्नल सुमारे २० डेसिबलने उतरतो, तो मिक्सरच्या गेनने भरून काढावा लागतो. तुझी सूं सूं तिथली.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, कानाने बघ. पुढच्या साउंडचेकला बास साउंडवाल्याच्या पॅसिव्ह डीआयमध्ये लाव आणि डीआयच्या थ्रूमधून (सिग्नल तसाच पुढे देणारा जॅक) तुझ्या अॅम्पला जा. मिक्सरकडे जाणारी एक्सएलआर (तीन पिनांची माइकची केबल) लावू नकोस. वरची तार जरा ब्रिजजवळ छेड, अॅम्पचा आवाज कानात बसू दे. मग मित्राला सांग, स्टेज बॉक्सकडून येणारी एक्सएलआर डीआयमध्ये खोच. अॅम्पच्या एकाही बटणाला हात न लावता अॅम्पचाच आवाज मंद होईल. मिक्सरचं इनपुट ट्रान्सफॉर्मरमधून उलटं तुझ्या पिकअपवर येऊन बसलं, ते तू त्या क्षणी ऐकतोस. मी नवीन पोरांना हे आधी ऐकवतो, आकडे नंतर.

स्वस्त ट्रान्सफॉर्मरची आणखी एक अडचण तळाशी. मोकळी ई ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बासची बी ३१ हर्ट्झची. एवढ्या खाली जोराचा सिग्नल आला की छोट्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर भरून जातो आणि खर्ज फाटतो. पाच तारांचा, बॅटरीवाला, जोरकस बास आणि हलका पॅसिव्ह डीआय ही जोडी मला सगळ्यात नकोशी. बॅटरीवाल्या बासला पॅसिव्ह डीआय चालतो, पण ट्रान्सफॉर्मर चांगला हवा.

एक सावधगिरी: डब्यावर अॅक्टिव्ह लिहिलंय म्हणून इनपुट १ मेगाओहम असेलच असं नाही. रॅडियल जे४८ अॅक्टिव्ह आहे, इनपुट २२० किलोओहम. कंट्रीमन टाइप ८५ चं १० मेगाओहम. तेव्हा खोक्यामागचा तो एक आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

तुझ्या बजेटमध्ये बॅटरी आणि फँटम (मिक्सरकडून एक्सएलआरमधूनच येणारा ४८ व्होल्टचा पुरवठा) दोन्हीवर चालणारा बघ, बेरिंगर डीआय१०० त्या जातीचा आहे. मंडपात हे फार महत्त्वाचं. छोट्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं एकच बटण सगळ्या चॅनलना मिळून असतं आणि ऑपरेटर ते दाबायला धजत नाही. तिथे ९ व्होल्टची बॅटरी तुझी लाज राखते.

ऐरोली_कीज

हमबद्दल मी लिहितो, कारण कीबोर्ड-लॅपटॉपवाल्यांना हा रोजचा त्रास. कीबोर्ड स्टेजच्या विजेच्या बोर्डवर, मिक्सर मागे दुसऱ्याच बोर्डवर, दोन्हींचं अर्थिंग वेगळ्या वाटेने, आणि मध्ये आपली केबल. झाला ग्राउंड लूप. डीआयवरचा लिफ्टचा खटका दाबला की एक्सएलआरची १ नंबरची पिन सुटते आणि बहुतेक वेळा हम बंद. यात ट्रान्सफॉर्मरचा डबा सरस, कारण दोन्ही बाजूंत तारेचा थेट संबंधच नसतो. दादांनी सांगितलेलं मान्य, पण कीबोर्ड आणि लॅपटॉपला मी पॅसिव्हच वापरतो.

मॉनिटरच्या_मागे

अगदी बरोबर. त्याला जोडून एक, आणि हे कळकळीने सांगतो. हम घालवायला प्लगची अर्थिंगची जाड पिन काढलेले किंवा तिच्यावर टेप गुंडाळलेले अॅम्प मी मंडपांत पाहतो. जनरेटरवरचा पुरवठा, पावसाने ओला फळीचा स्टेज, घामेजलेले हात तारांवर आणि ओठ माइकला. अॅम्पमध्ये बिघाड झाला तर करंटला जायला तुझं शरीरच उरतं. लिफ्ट सिग्नलच्या बाजूला करायची, विजेच्या बाजूला कधीच नाही. गायिकेचं मूल विंगेत बसलेलं असतं रे, असं काही करू नका आणि कोणाला करूही देऊ नका.

चारतारी, लिफ्ट दाबूनही आवाज राहिला आणि जागा बदलत फिरलास की कमी-जास्त होत असेल, तर तो पिकअप हवेतून पकडतोय. मागे एलईडी वॉल किंवा डिमर असतो. डीआय कुठलाही असो, त्यावर उपाय दूर उभं राहणं.

चारतारी_ठाणे

दादा, खूप आभार. घरी बघितलं, माझ्या पेडलांच्या पाटीवर बॉसचा टीयू-३ ट्यूनर आहे. बास त्यातूनच जातो, पण कार्यक्रमात मी तो काढून ठेवतो, आवाज शुद्ध राहावा म्हणून. त्याचा काही उपयोग?

मॉनिटरच्या_मागे

अरे, मग यंदाचा गणपती त्यावरच निघेल! टीयू-३ मध्ये बफर आहे, म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल जोमाने पुढे देणारं छोटं सर्किट. वीज जोडलेली असली की ट्यूनर पायाने बंद ठेवला तरी सिग्नल त्या बफरमधून जातो, इनपुट १ मेगाओहम, आउटपुट १ किलोओहम. पिकअपला हवं ते समोर मिळालं, आणि पुढे साउंडवाल्याचा पॅसिव्ह डीआय ओढायची ताकदही आली. तो पहिला लाव, त्याच्यामागे पॅसिव्ह डीआय. २० डेसिबलची घट आहे तशी राहील, पण कड परत येईल.

इतरांसाठी: प्रत्येक पेडलमध्ये बफर नसतो. पेडल बायपासला (इफेक्ट बंद) ठेवा आणि त्याची वीज काढा. आवाज तरीही आरपार गेला तर तो ट्रू बायपास, या कामाला निरुपयोगी. आवाज बंद पडला तर बहुधा बफर आहे.

डीआय मात्र नवरात्रापर्यंत घेच. बासपासून पहिल्या डब्यापर्यंत केबल लहान ठेव, ६ मीटरच्या वर नको, कारण केबलची कपॅसिटन्सही पिकअपवरच बसते. लांब पल्ला एक्सएलआरला करू दे. आणि फँटम चालू असताना जॅक किंवा एक्सएलआर काढायची असेल तर आधी मिक्सरवाल्याकडे बघ, चॅनल म्यूट केल्याची खूण आली की मगच हात लाव.