मदत हवी आहे: छातीच्या फोटोत मशीन टीबी म्हणतंय, गोळ्या सुरू करायच्या का?

माणदेशी_लेक
घाईत लिहितेय. आमच्या गावात आरोग्य शिबिर होतं, तिथे वडिलांच्या छातीचा फोटो काढला. कॅमेऱ्यासारखं हातात धरायचं मशीन आणि शेजारी लॅपटॉप. मिनिटभरात निकाल आला: डाव्या फुफ्फुसावर वरच्या बाजूला लाल-पिवळा डाग, खाली "टीबी संशयित ०.७१". फोटो डॉक्टरने बघितलाच नाही, एआयने वाचला म्हणे.
गावातले खाजगी डॉक्टर म्हणतात थांबू नका, सहा महिन्यांचा कोर्स चालू करा. वडील म्हणतात मला काही झालेलं नाही. आईने कालपासून त्यांचं ताट-तांब्या वेगळं ठेवलंय. मी पुण्यात, फोनवरून काही उमगत नाही. ०.७१ म्हणजे ७१ टक्के टीबी आहे असं समजायचं का? एआयवर विश्वास ठेवायचा की नाही? लवकर सांगा, उद्या गोळ्या आणायच्या आहेत.

चौकस
वय? खोकला किती दिवस? ताप, रात्रीचा घाम, वजन? बेडका तपासला का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

माणदेशी_लेक
वय ६३. खोकला आहे, पण तो त्यांना कायमच असतो. ताप नाही. वजनाचं माहीत नाही. बेडक्यासाठी डबी दिली होती, "नमुना चालणार नाही" असा निरोप आला. माझा प्रश्न एआयबद्दल आहे.

कोडकरी
०.७१ म्हणजे ७१ टक्के नाही, हे आधी डोक्यातून काढा. असं सॉफ्टवेअर हजारो जुने एक्स-रे दाखवून तयार केलेलं असतं. नवा फोटो त्यातल्या टीबीच्या फोटोंशी किती जुळतो, त्याला ते आकडा देतं. कुठल्या आकड्याच्या वर "संशयित" लिहायचं ती रेषा माणसंच ठरवतात, आणि शिबिरात ती मुद्दाम खाली ठेवतात, कारण एकही रुग्ण सुटू नये.
नुसतं उदाहरण म्हणून हिशेब करा. १००० लोक तपासले, त्यात १० जणांना खरंच टीबी आहे. मशीनने १० पैकी ९ पकडले, आणि निरोगी ९९० पैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडलं. तरी उरलेले १९८ निरोगी लोक "संशयित" निघाले. एकूण २०७ संशयित, त्यात खरे ९. मशीन वाईट नाही, पण त्या २०७ जणांना सरळ गोळ्या देता येतील का?

पाटीलबुवा
असले हिशेब पुण्या-मुंबईत बसून करायला बरे. माझा धाकटा भाऊ असाच "अजून एक टेस्ट, अजून एक टेस्ट" करत तीन महिने फिरला. निदान झालं तेव्हा फुफ्फुस पोखरलं होतं, वाचला नाही. पोरी, मशीनने सांगितलंय ना? गोळ्या चालू कर. नसेल टीबी तर गोळ्यांनी काही बिघडत नाही.

श्वासवैद्य
पाटीलबुवा, भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण "काही बिघडत नाही" हे खरं नाही. मी छातीविकाराचा डॉक्टर आहे. या गोळ्यांनी लिव्हरला सूज येऊ शकते, साठीनंतर आणि दारू असेल तर जास्त. आणि टीबी सोडून दुसरंच काही असेल तर सहा महिने त्याच्याकडे लक्षच जात नाही.
ताई, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांचे फोटो टीबीच्या चाळणीसाठी सॉफ्टवेअरने वाचायला मान्यता दिली. चाळणीसाठी, निदानासाठी नाही. चाळणीत जो अडकतो त्याचा बेडका ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या मशीनवर तपासायचा असतो. तिथे जंतूचा अंश सापडतो, शिवाय रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. ते न बघता गोळ्या दिल्या आणि जंतू दाद न देणारा निघाला, तर पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

पाटीलबुवा
डॉक्टर, मग बेडका निगेटिव्ह आला की टीबी नाही असं तुम्ही छातीठोक सांगता का? भावाचा दोनदा निगेटिव्ह आला होता.

श्वासवैद्य
नाही सांगत. बेडका निगेटिव्ह असूनही लक्षणं आणि फोटो बघून आम्ही उपचार सुरू करतो, तशी तरतूद राष्ट्रीय टीबी कार्यक्रमातही आहे. पण तो निर्णय रुग्णाला समोर बसवून घेतलेला असतो. इथे अजून कोणी त्यांच्या पाठीला स्टेथोस्कोपसुद्धा लावलेला नाही.

अनुजा_क
ताई, सोपं सांगते. फोटो चॅटजीपीटीला द्या आणि मराठीत विचारा. मी माझे सगळे रक्ताचे रिपोर्ट तिथेच समजून घेते, इतकं छान समजावतं.

कोडकरी
रक्ताच्या रिपोर्टातले शब्द समजून घेणं वेगळं. लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो त्याला देऊन टीबी विचारू नका. शिबिरातलं सॉफ्टवेअर एका कामासाठी बनवून एक्स-रेंवर तपासलेलं असतं. गप्पा मारणारं एआय चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं, आणि घाबरलेल्या माणसाला तो ठामपणाच खरा वाटतो.

अनुजा_क
एवढंही काही नाही. गावात एमडी डॉक्टर नसतो, तिथे लोकांनी विचारायचं तरी कोणाला?

निवृत्त_लॅबवाला
३१ वर्षं बेडके तपासले, म्हणून बोलतो. "नमुना चालणार नाही" हे तुम्ही एका ओळीत सोडून दिलंत, सगळं तिथेच अडलंय. डबीत थुंकी आली असणार. थुंकी पाण्यासारखी, वर फेस. बेडका घट्ट, पिवळसर किंवा हिरवट, डबी कलती केली तर बुडाला चिकटून सावकाश सरकतो. थुंकीवर लाखाचं मशीन लावा नाहीतर कोटीचं, उत्तर मिळणार नाही.
सकाळी उठल्या-उठल्या, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने चूळ भरायची. मोकळ्या हवेत, अंगणात जायचं, घरात नाही. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन धरायचा आणि पोटातून जोर लावून खोकायचं. दोन ते पाच मिली पुरे. तरीही नाही आला तर मोठ्या रुग्णालयात तीन टक्के मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढतात.
ट्रूनॅट गोव्यात तयार झालेलं बॅटरीवर चालणारं मशीन आहे. तालुक्याला असायची शक्यता बरीच, विचारा.

रानवारा
एआयचा विषय निघालाच आहे म्हणून. आईला १५ वर्षं मधुमेह आहे. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून एआयने तपासतात म्हणे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातले फोटोही ते शिकवायला वापरले होते, २०१६ मध्ये त्यावर शोधनिबंध आला होता. तसं आपल्याकडे कुठे होतं?
याच सॉफ्टवेअरचं पुढे थायलंडमध्ये काय झालं तेही वाचलंय. ११ दवाखान्यांत लावलं. प्रयोगशाळेत उत्तम चालणारं सॉफ्टवेअर तिथे पाचातला एक फोटो नाकारायला लागलं, कारण खोलीत पुरेसा अंधार नव्हता. नाकारलं की रुग्णाला दुसरीकडे जायला सांगायचे. मंडपात काढलेल्या एक्स-रेचंही तसंच होत असेल का?

चौकस
रानवारा, आईसाठी वेगळा धागा काढा, मीही लिहीन. मंडपाचा मुद्दा मात्र बरोबर आहे. श्वास अर्धवट घेतला किंवा माणूस तिरका उभा राहिला तरी फोटो फसतो.
माणदेशी_लेक, एक विचारायचं राहिलं. वडिलांना आधी कधी टीबी झाला होता का? आणि ते काम काय करायचे?

अक्षरशः
कोणी हे का विचारत नाही की तो फोटो गेला कुठे? संमती कागदावर घेतली का? वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला. गरिबांच्या फोटोंवर सॉफ्टवेअर शिकणार आणि नंतर तेच विकणार.

उपकेंद्रावरची
मी सीएचओ, म्हणजे उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकारी आहे, अशी शिबिरं आम्हीच घेतो. संमतीचा प्रश्न रास्त आहे. अंगठा घेण्याआधी समजावून सांगायला हवं आणि गर्दीत ते राहून जातं, हे मी मान्य करते. पण मशीन येण्याआधी काय होतं तेही ऐका. फोटोसाठी ४० किलोमीटर जायचं, मजुरी बुडवायची, आणि वाचणारा डॉक्टर त्या दिवशी नसेल तर रिपोर्टला पुन्हा खेप. दहापैकी चारजण जायचेच नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये टीबी शोधायची १०० दिवसांची मोहीम निघाली तेव्हापासून आम्ही खोकला नसलेल्यांचेही फोटो काढतो. माझ्याच भागात एक बाई सापडली, खोकला अजिबात नाही आणि बेडका पॉझिटिव्ह. लक्षणं विचारून ती कधीच सापडली नसती.
ताई, टीबी ताट-वाटीने पसरत नाही, हवेतून पसरतो. आईंना सांगा, ताट वेगळं करू नका, खिडकी उघडी ठेवा आणि खोकताना तोंडावर रुमाल धरायला लावा. घरात लहान मूल आहे का? निक्षय ही टीबी रुग्णांच्या नोंदीची सरकारी व्यवस्था, तिची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे. टीबी ठरलाच तर निक्षयवर नोंद करून घ्या, औषधं सरकारी मोफत आहेत आणि आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात.

माणदेशी_लेक
सगळ्यांचे आभार. गोळ्या आणल्या नाहीत.
चौकस, हो. त्यांना २००८ मध्ये टीबी झाला होता. कोर्स पूर्ण केला, बरे झाले, म्हणून लिहिलं नाही. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस गोळ्या असायच्या, आशाताई समोर उभं राहून गिळायला लावायच्या. काम म्हणाल तर २२ वर्षं खडी क्रशरवर होते. घरात भावाची दोन वर्षांची मुलगी आहे.

श्वासवैद्य
ताई, हे पहिल्याच ओळीत हवं होतं!
टीबी बरा झाला तरी फुफ्फुसावर व्रण राहतो, बहुतेक वरच्याच भागात, आयुष्यभर. सॉफ्टवेअर फक्त चित्र बघतं. व्रण जुना की आजार नवा, हे एकाच फोटोवरून त्याला नीट ओळखता येत नाही. आधी टीबी झालेल्यांत ते जास्त वेळा विनाकारण इशारा देतं, हे माहीत असलेलं आहे. त्यात दगडाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, त्याच्या गाठीही वरच्याच भागात दिसतात.
पण "जुना डाग आहे, सोडून द्या" असंही करू नका. एकदा झालेला टीबी उलटू शकतो, आणि सिलिकोसिस असलेल्यांना टीबी होण्याचा धोका जास्तच असतो. म्हणून वाफ देऊन बेडका, ट्रूनॅट, आणि कल्चरही, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं. कल्चरला सहा आठवडे लागू शकतात. ट्रूनॅटला कधी मेलेल्या जंतूचाही अंश सापडतो, कल्चरमध्ये जिवंत असतील तरच वाढतात. आणि २००८ चा जुना फोटो शोधा. तो सापडला तर निम्मं काम झालं.

कोडकरी
शिबिराच्या फॉर्मवर "पूर्वी टीबी होता का" हा रकाना असतो ना? तिथे काय लिहिलं होतं?

पाटीलबुवा
पोरी, मी घाई करायला सांगितली ती भावाच्या आठवणीने. जुना फोटो शोध. पण तपासणी अर्धवट सोडू नकोस, एवढं ऐक.

माणदेशी_लेक
१२ दिवसांनी लिहितेय. शनिवारी गावी आले.
फोटो सापडला. लोखंडी पेटीत, आईच्या लग्नातल्या शालूखाली, पिवळ्या पाकिटात. कडा चिकटल्या होत्या, हळूहळू सोडवल्या. खिडकीच्या उजेडात धरला तर डाव्या बाजूला वरती तोच डाग, जवळजवळ तेवढाच.
दोन्ही फोटो घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी वडिलांना श्वास घ्यायला लावून पाठीवर खूप वेळ ऐकलं. वाफ देऊन बेडका काढला. ट्रूनॅट निगेटिव्ह. कल्चर लावलंय. डाग जुनाच वाटतो म्हणाले, पण दोन्ही बाजूंना बारीक गाठी नव्या आहेत, त्या धुळीच्या असाव्यात. त्याचा वेगळा कागद काढलाय. कल्चर येईपर्यंत गोळ्या नाहीत, ताप आला किंवा वजन उतरलं तर लगेच यायचं. भाचीलाही दाखवलं, ती ठीक आहे.
कोडकरी, फॉर्मवर "नाही" लिहिलंय. परतताना एसटीत वडिलांनी स्वतःच सांगितलं. नाव लिहिणाऱ्या मुलाने मोठ्याने विचारलं आणि मागे रांगेत अख्खी आळी उभी होती. २००८ ला लोकांनी वर्षभर घरी चहा घेतला नव्हता, ते त्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

उपकेंद्रावरची
हे वाचून आज मी नोंदणीचं टेबल रांगेपासून लांब, शाळेच्या खोलीत हलवलं. जुना आजार आता मी स्वतः विचारते, दार लोटून.
क्रशरवर वडिलांबरोबर आणखी कोण होतं? त्यांचे फोटो झालेत का?

माणदेशी_लेक
आत्ताच विचारलं. चार नावं सांगितली. त्यातले दोघं शिबिराला आलेच नव्हते, एकजण वर्षभर बसूनच झोपतो म्हणे. आशाताईंकडे उद्या सकाळी वडील स्वतः जाणार आहेत.